शेषाचे हक्कदार : कोल्हापूरच्या नगरजीवनातील काही शब्दांचा इतिहास

१

कोल्हापूरच्या आर्थिक इतिहासाची मांडणी सामान्यतः उत्पादनांच्या क्रमाने करण्यात येते. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविण्यात आली. १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. पुढे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे व ओतीव कामाचे कारखाने निघाले. आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखानदारीने जिल्ह्याचे रूप पालटले. हा क्रम बरोबर आहे. तथापि प्रत्येक उत्पादनाबरोबर काहीतरी उरत असते, आणि ह्या उरलेल्या पदार्थाचे काय झाले, तो कोणी नेला, कोणी वापरला, कोणाच्या दारात पडला, हा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. हिशेबाच्या वह्यांत गुळाच्या रव्यांची नोंद असते, चिपाडाची नसते.

अशा नोंदीविना राहिलेल्या व्यवहाराचा शोध घेण्याचे एक साधन म्हणजे त्या व्यवहारातील शब्द. ज्या पदार्थाला समाज उपयोग देतो त्याला तो स्वतंत्र नाव देतो. ज्याचा उपयोग संपतो त्याचे नावही हळूहळू ‘कचरा’ ह्या एका सर्वसंग्राहक शब्दात विरून जाते. संस्कृत कोशांत ‘कच्चर’ हा शब्द मलिन ह्या अर्थी आढळतो. मराठी ‘कचरा’ त्याच्याशी संबद्ध आहे. ह्या शब्दाचे वैशिष्ट्य असे की, तो पदार्थाविषयी काहीच सांगत नाही. पदार्थ कोठून आला, कशाचा झाला, कोठे जावयाचा आहे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ह्याउलट ‘चिपाड’, ‘पाचट’, ‘धुवण’, ‘शेणी’, ‘निर्माल्य’ हे शब्द उच्चारताच पदार्थाचे कूळ कळते, आणि बहुधा त्याचा पुढचा मार्गही कळतो.

प्रस्तुत निबंधात अशा काही शब्दांच्या साह्याने कोल्हापूर शहर व त्याचा परिसर ह्यांतील टाकाऊ पदार्थांच्या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे. सोयीसाठी अशा उरलेल्या पदार्थास ‘शेष’ आणि त्यावर रूढीने वा व्यवहाराने ज्याचा अधिकार चाले त्यास ‘हक्कदार’ अशा संज्ञा येथे योजल्या आहेत. ज्या शेषाला हक्कदार होता तो शहरात जिरला आणि ज्याचा हक्कदार नाहीसा झाला तो अखेर पंचगंगेत गेला, असे ह्या विवेचनाचे सूत्र आहे. मात्र हे सूत्र सरसकट लावता येत नाही, हेही पुढे दिसून येईल.

२

गुऱ्हाळापासून आरंभ करणे इष्ट आहे. कारण शेषाचा पुनर्वापर करणारी इतकी पूर्ण परिभाषा कोल्हापूरच्या दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात आढळत नाही. शंभर किलो उसापासून साधारणतः दहा ते बारा किलो गूळ मिळतो. याचा अर्थ असा की, शेतातून आलेल्या वजनाचा फार मोठा भाग पाणी व शेष ह्या दोन रूपांनी गुऱ्हाळातच वेगळा होतो. ह्या शेषाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव आहे. उसाच्या शेंड्याकडील हिरवा भाग म्हणजे ‘वाढे’. ते जनावरांपुढे जातात. वाळलेली पाने म्हणजे ‘पाचट’. ते शेतात कुजवितात किंवा छपरावर घालतात. जमिनीत राहिलेल्या खोडापासून पुन्हा येणारे पीक ते ‘खोडवा’ आणि त्याच्याही पुढचे ते ‘निडवा’. येथे शेषच पुढील पिकाचे बीज होतो. रस काढल्यावर राहतो तो चोथा म्हणजे ‘चिपाड’. गुऱ्हाळाच्या आवारात ते पसरून वाळवितात आणि तेच चुलवाणात घालून त्यावरील काहिलीत रस आटवितात. उसाचा रस उसाच्याच जळणावर शिजतो, ही ह्या धंद्याची खरी काटकसर होय. चुलवाणातील राख परत शेतात जाते.

काहिलीतील रसास आधण आले म्हणजे रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची पद्धत आहे. त्यायोगे रसातील अशुद्ध द्रव्ये वर येतात. ती काढून घेतात. ह्या फेसाळ गाळास ‘मळी’ म्हणतात. तो खतात जातो. गुळव्याचे कौशल्य पाकाची परीक्षा करण्यात आहे, असे आपण मानतो व ते खरेही आहे. परंतु मळी किती व केव्हा काढावी, ह्या निर्णयावर गुळाचा रंग व टिकाऊपणा अवलंबून असल्याने शेषाचे ज्ञान हाही त्याच्या विद्येचा भाग आहे. बाजाराने पिवळ्याधमक गुळास अधिक भाव द्यावयास प्रारंभ केल्यावर ह्या वनस्पतिजन्य शुद्धीची जागा अनेक ठिकाणी रासायनिक द्रव्यांनी घेतली. रानभेंडीचा उपयोग मागे पडला, आणि अलीकडे ‘सेंद्रिय गूळ’ ह्या नव्या नावाखाली तो पुन्हा प्रतिष्ठित होत आहे. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु गुऱ्हाळांची संख्या मात्र त्याआधीपासूनच घटत आली आहे.

‘मळी’ ह्या शब्दाचा अर्थविस्तार येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘मल’ शब्दात आहे, हे उघड आहे. परंतु कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराने आणून टाकलेल्या गाळाच्या सुपीक जमिनीसही ‘मळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. मलापासून मळी, आणि मळी म्हणजे सर्वांत कसदार जमीन : घाण व कस ह्यांतील अंतर ह्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या भाषेने किती कमी मानले होते, ह्याचा हा बोलका पुरावा होय. पुढे साखर कारखाने आले तेव्हा साखरेचे स्फटिक वेगळे झाल्यावर राहणाऱ्या काळ्या दाट द्रवासही हाच शब्द लावण्यात आला. एका शब्दाने तीन वस्तू दाखविल्या गेल्या : गुऱ्हाळातील गाळ, नदीकाठची जमीन आणि कारखान्यातील द्रव. ह्या तिसऱ्या अर्थाचे काय झाले ते नदीच्या प्रकरणात पाहू.

चिपाडाचीही अशीच अवस्था झाली. कारखान्यात गेल्यावर चिपाडाचा ‘बगॅस’ झाला. हा फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आलेला शब्द केवळ नवे नाव नव्हे. मालकी बदलल्याची ती खूण आहे. गुऱ्हाळातील चिपाडावर ऊस आणणाऱ्या शेतकऱ्याची दृष्टी असे. कारखान्यातील बगॅस हा कारखान्याचा माल झाला. त्यापासून वाफ व वीज निर्माण होते, कागदाचा लगदा होतो, आणि त्याची किंमत ताळेबंदात मांडली जाते. शेष येथेही वाया जात नाही, हे मान्य केले पाहिजे. बदलला तो हक्कदार.

३

शहरातील घरांचा व्यवहार ह्याच धर्तीचा होता. जुन्या कोल्हापुरातील पेठांतून घरामागे ‘परडे’ असे. न्हाणीचे पाणी परड्यातील केळी व अळू ह्यांना जाई. तांदळाचे ‘धुवण’, भाजीची देठे, कोंडा आणि उरलेले अन्न ह्यांचे जनावरांसाठी ‘आंबोण’ होई. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून स्त्रिया ‘वाकळ’ शिवीत. अन्यत्र ज्यास गोधडी म्हणतात तीच ही वाकळ. ह्या शब्दांपैकी एकाही शब्दात टाकण्याची कल्पना नाही. ‘उष्टे’, ‘खरकटे’, ‘शिळे’ हे शब्द शुचितेच्या कल्पनेने वस्तूचा दर्जा उतरवितात, तिचा उपयोग मात्र संपवीत नाहीत. माणसाच्या पंक्तीतून उतरलेली वस्तू जनावराच्या पंक्तीत बसे.

ह्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी म्हैस होती. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या ठिकाणी ‘दूध कट्टा’ ही संस्था आजही पाहावयास मिळते. गवळी म्हैस कट्ट्यावर आणतो, गिऱ्हाईकासमोर धार काढतो, आणि गिऱ्हाईक ते धारोष्ण दूध तेथेच पितो किंवा भांड्यातून घरी नेतो. ह्या विक्रीत बांधणी नाही, पिशवी नाही, वाहतूकही जवळजवळ नाही. म्हशीला लागणारी सरकी व पेंड हे तेलाच्या व कापसाच्या धंद्यांचे शेष; वाढे हा उसाचा शेष. म्हशीचे शेण हा तिचा शेष. त्याच्या थापून वाळविलेल्या ‘शेणी’ शहरातील चुलींत व चितेवर जळत. देशावर इतरत्र ‘गोवरी’ हा शब्द अधिक रूढ आहे. कोल्हापुरात ‘शेणी’ हाच चालतो, आणि तो आजच्या नागरिक-जीवनात एका अनपेक्षित मार्गाने पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.

पाण्याविषयीची दृष्टीही ह्याच प्रकारची होती. शहराबाहेरील कळंबा तलावाचे पाणी नळाने शहरात येऊन जेथे साठत असे, त्या जागेस लोकांनी ‘पाण्याचा खजिना’ असे नाव दिले. मंगळवार पेठेतील त्या भागास आजही तेच नाव आहे. खजिना हा राजाचा असतो, मोजून खर्चावयाचा असतो आणि त्यावर पहारा असतो. ज्या शहरात कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर अशी तळी होती त्या शहराने नळाच्या पाण्यास खजिना म्हटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती तळी मात्र विसाव्या शतकात बुजली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आणि रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम झाले. ‘तीर्थ’ हे नाव मंडईस चिकटून राहिले आहे, आणि लुप्त जलाशयाचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

४

येथवरच्या वर्णनावरून जुन्या नगरव्यवस्थेविषयी एक सुखद ग्रह होण्याचा संभव आहे. तो तसाच राहू देणे इतिहासाच्या दृष्टीने अप्रामाणिकपणाचे होईल. शेषाला हक्कदार होता, असे आपण म्हणतो. पण तो हक्कदार कोण होता आणि त्याच्या हक्काचे स्वरूप काय होते, हा प्रश्न चामड्याच्या धंद्यात टाळता येत नाही.

कोल्हापुरी पायताणाची कीर्ती सर्वश्रुत आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांस मिळून तिला भौगोलिक मानांकन देण्यात आले. परंपरेने हे चामडे बाभळीची साल व हिरडा ह्यांच्या रसात कमावीत; शिलाईस चामड्याचीच वादी वापरीत, खिळा वापरीत नसत. त्यामुळे चप्पल झिजली तर तळ बदलता येई आणि अखेर ती मातीत मिसळे. क्रोमियमच्या क्षारांनी चामडे फार थोड्या वेळात तयार होते. साल व हिरडा ह्यांना आठवडेच्या आठवडे लागतात. ह्या वेळेच्या फरकात जुन्या पद्धतीचा गुण आहे आणि तिची आर्थिक दुर्बलताही आहे.

कातडी ‘कमावणे’ हे क्रियापद मराठीतील अत्यंत अर्थवाही क्रियापदांपैकी एक होय. जमीन कमावतात, तालमीत शरीर कमावतात, पैसा कमावतात आणि कातडीही कमावतात. श्रमाने निकृष्टास उपयुक्त करणे, हा ह्या सर्व प्रयोगांतील समान अर्थ आहे. परंतु मृत जनावर ओढणे, ते सोलणे, कातडी कमावणे आणि त्यापासून वहाणा करणे ही कामे जन्माने वाटून दिलेली होती. महार, ढोर, चांभार अशा जातींवर ती सोपविलेली होती. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांची जी चर्चा आहे तीवरून दिसते की, ज्यास हक्क म्हटले जाई तेच कर्तव्य म्हणून लादलेलेही असे. मेलेल्या जनावराचा हक्कदार ते जनावर नाकारू शकत नव्हता. नाकारता न येणारा हक्क म्हणजे वेठ होय.

कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासात ह्या वेठीविरुद्ध पावले पडली, ही गोष्ट येथे अप्रस्तुत नाही. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. मार्च १९२० मध्ये संस्थानातील माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले व शाहू छत्रपती तेथे उपस्थित होते. १९२७ च्या महाडच्या लढ्याच्या काळापासून मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह दलित चळवळीने धरला. शेषाची जुनी व्यवस्था मोडली ती केवळ यंत्रांमुळे किंवा लोकांच्या उधळेपणामुळे नव्हे. ज्यांच्या खांद्यांवर ती उभी होती त्यांनी ती नाकारली, आणि ते नाकारणे न्याय्य होते. गावाचा परिसर स्वच्छ राहत असे तो कोणाच्या तरी अप्रतिष्ठेच्या मोलाने. आजचा कोणताही पर्यावरणविचार ह्या वस्तुस्थितीस वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

पुढील काळात चामड्याचा पुरवठाच बदलला. बरेचसे कमावलेले चामडे बाहेरून, विशेषतः तमिळनाडूतून येऊ लागले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा अमलात आल्यानंतर स्थानिक पुरवठा आणखी आकसला. चप्पल कोल्हापुरी राहिली. तिचा शेष व तिचे कमावणे दुसऱ्या प्रांतात गेले.

५

ओतीव कामाच्या कारखान्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. शिवाजी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत वाढलेला हा धंदा मुळातच जुन्या लोखंडावर पोसला गेला. साच्याच्या तोंडाशी गोठलेला धातू आणि फसलेली ओतीव वस्तू पुन्हा भट्टीत जाते. ‘भंगार’ हा त्याचा शब्द. जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने. शेजारच्या कानडीत आजही ‘बंगार’ म्हणजे सोनेच. ध्वनिसाम्यावरून दोहोंचे मूळ एक मानण्याची घाई करू नये. तथापि भंगाराचा व्यापारी ह्या दोन शब्दांत फारसे अंतर मानीत नसावा.

धातूला हक्कदार मिळाला. वाळूला मिळाला नाही. साच्याची वाळू पुनःपुन्हा वापरतात, परंतु उष्णतेने व बंधक द्रव्यांनी तिचा गुण हळूहळू नष्ट होतो आणि मग ती बाहेर टाकावी लागते. लक्षणीय गोष्ट अशी की, ह्या जळलेल्या काळ्या वाळूला लोकभाषेने चिपाडासारखे स्वतःचे सुटसुटीत नाव दिले नाही. रस्त्याच्या कडेला तिचे ढीग पडत राहिले. वाळू भाजून पुन्हा वापरण्यायोग्य करण्याची यंत्रे पुढे आली ती, चांगली वाळू महाग व दुर्मिळ झाल्यावर. म्हणजे येथे शेषाचा हक्कदार सद्भावनेने निर्माण झाला नाही, टंचाईने झाला.

६

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती ह्यांच्या संगमापासून, म्हणजे प्रयाग चिखलीपासून, पंचगंगा सुरू होते आणि नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. एवढ्या आखूड प्रवाहावर कोल्हापूर व इचलकरंजी ही दोन मोठी गावे, साखर कारखाने, कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग आणि उसाची शेते अवलंबून आहेत.

ह्या नदीवरील ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. दगडी खांबांच्या दरम्यान फळ्या बसवून पावसाळ्यानंतरचे पाणी अडवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी त्या काढून पुरास वाट मोकळी करून द्यावयाची, अशी त्याची रचना आहे. ह्या फळ्यांना ‘बरगे’ म्हणतात. कमी खर्चात, नदीचा स्वभाव न मोडता पाणी वापरण्याची ही युक्ती प्रशंसनीय आहे. परंतु तिच्यामुळेच उन्हाळ्यात नदी ही वाहती न राहता एकामागून एक अशा डोहांची माळ होते. वाहत्या पाण्यात जे विरून जाईल ते साचलेल्या पाण्यात तसेच राहते. शहरातील जयंती व दुधाळी हे नाले ह्याच पाण्यास मिळतात.

‘सांडपाणी’ हा शब्द ह्या ठिकाणी तपासण्याजोगा आहे. सांडणे म्हणजे हातून निसटून जाणे. परड्यातील केळीस जाणाऱ्या पाण्यास कोणी सांडपाणी म्हणत नसे, कारण ते सांडत नव्हते. त्यास जागा होती. परडी बांधकामाखाली गेली, घराघरांत नळ आले, पाण्याचा वापर वाढला, आणि मोरीचे पाणी गटारात, गटाराचे नाल्यात व नाल्याचे नदीत अशी त्याची वाट ठरली. शब्दाने जे सांगितले तेच घडले. कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता असलेले केंद्र व दुधाळी येथे दुसरे लहान केंद्र उभारून महापालिकेने ह्या शेषाचे उत्तरदायित्व अंशतः घेतले. परंतु जो नाला केंद्रापर्यंत पोहोचत नाही त्याचे पाणी नदीपर्यंत पोहोचतेच.

‘मळी’ ह्या शब्दाचा तिसरा अर्थ आता पूर्ण होतो. साखर कारखान्यातील मळी ही मद्यार्काचे कच्चे द्रव्य आहे आणि इंधनात मिसळावयाच्या इथेनॉलमुळे तिला आज चांगली किंमत आहे. पण मद्यार्क काढल्यावर राहणारे काळे पाणी हा तिचाही शेष आहे. नदीतील मासे मरून तरंगू लागले की कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत ‘मळीमिश्रित पाणी’ असा शब्दप्रयोग येतो. नदीकाठच्या सर्वोत्तम जमिनीचे नाव त्याच नदीच्या विटंबनेचे नाव झाले. ह्यात पदार्थाचा दोष नाही; मळीमिश्रित पाण्यातही पिकास उपयुक्त अशी द्रव्ये असतात. दोष प्रमाणाचा आहे. एका गुऱ्हाळाची मळी एक शेत पचवू शकते. कारखान्याचा शेष पचविण्यास तेवढ्याच मोठ्या योजनेची, खर्चाची व देखरेखीची गरज असते. नाव आहे, उपयोगही ठाऊक आहे, आणि तरी नदी नासते. शेषास केवळ हक्कदार असून भागत नाही, हे येथे सिद्ध होते.

ह्या दुर्लक्षाची किंमत नेहमी खालच्या अंगाच्या लोकांनी दिली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेली काविळीची साथ आली व तीत माणसे दगावली. त्यानंतर पंचगंगेचे प्रदूषण हा न्यायालयात व रस्त्यावर सातत्याने मांडला जाणारा विषय झाला.

७

ह्या पार्श्वभूमीवर गेल्या काही दशकांत कोल्हापूरच्या रहिवाशांनी चालविलेले प्रयत्न पाहिले पाहिजेत. त्यांपैकी सर्वांत कोल्हापुरी प्रयत्न ‘शेणीदान’ हा होय. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनासाठी शेणी व लाकूड विनामूल्य पुरविते. होळीच्या सुमारास तालमी, तरुण मंडळे, गल्लीतील रहिवासी व व्यापारी आपली होळी लहान करून वाचलेल्या शेणी स्मशानभूमीस देतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालविलेला ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ हा उपक्रम आणि शेणीदान ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. सणातील नाश कमी करावयाचा, पण सण नाकारावयाचा नाही. करोनाच्या साथीत स्मशानावर ताण पडला तेव्हा ह्या दानाचे मोल सर्वांना कळले. म्हशीपासून चितेपर्यंतची जुनी साखळी येथे टिकली, पण एका महत्त्वाच्या फरकाने : हे दान स्वेच्छेचे आहे, आणि ते देणाऱ्याची जात त्यात विचारली जात नाही.

‘दान’ हाच शब्द गणेशमूर्तींसाठीही योजण्यात आला. मूर्ती नदीत न सोडता कार्यकर्त्यांकडे द्यावी, ह्या आवाहनास ‘मूर्तिदान’ म्हटल्याने ते अनेक कुटुंबांना स्वीकारणे सुलभ झाले. निर्माल्य नदीत न टाकता कुंडात गोळा करून त्याचे खत करण्याची प्रथाही रुळली. ‘निर्माल्य’ ह्या शब्दाने ह्या कामी मोठे साह्य केले. देवावरून उतरलेले फूल कचऱ्यात टाकावयाचे नाही ही भावना आधीच होती; त्यास नदीऐवजी दुसरे पवित्र ठिकाण, म्हणजे माती, दाखविण्यात आले. काही कुटुंबे मृतांची रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा झाडाच्या मुळाशी घालतात, तेथेही हीच प्रक्रिया दिसते. रक्षा म्हणजे अखेर राख, आणि राखेची जुनी वाट शेताकडेच होती.

ह्या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अलीकडे सार्वजनिक मूर्तींचे विसर्जन रंकाळ्यानजीकच्या इराणी खणीत होऊ लागले. ‘खण’ म्हणजे दगड काढून उरलेला खड्डा. रंकाळाही मुळात अशीच खण होती, असे परंपरा सांगते. नदी वाचविण्यासाठी खण देणे हा तात्पुरता उपाय झाला. शाडूची माती पाण्यात विरते, प्लास्टर विरत नाही. म्हणून मूर्ती कशाची घडवावी हा प्रश्न विसर्जन कोठे करावे ह्या प्रश्नाच्या आधी येतो, आणि तो भाविकांइतकाच कुंभारांच्या चरितार्थाचाही आहे.

घरोघरच्या कचऱ्याबाबतही असेच घडत आहे. २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचा आग्रह धरला, आणि ‘ओला’ व ‘सुका’ हे जळणाच्या लाकडास लावले जाणारे जुने शब्द आता कचऱ्यास लागले. तथापि लाईन बाजारातील ‘झूम’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी शहराच्या कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. त्यातून कागद, काच, धातू, प्लास्टिक निवडून ते पुन्हा वापरात आणणाऱ्या स्त्रिया बहुतांशी दलित व भटक्या समाजांतील आहेत. ‘अवनि’ सारख्या संस्थांनी कोल्हापुरात ह्या कचरावेचक स्त्रियांना संघटित करण्याचे काम केले आहे. ‘कचरावेचक’ हा शब्दही नवा आहे. वेचणे हे क्रियापद मराठीत फुलांसाठी, कापसासाठी व शब्दांसाठी वापरतात. निवडीचे कौशल्य त्यात गृहीत असते. हे नाव स्वीकारले गेले, पण त्याबरोबर कामाचे निश्चित वेतन, हातमोजे, औषधोपचार व कामाचा मान मिळाला नाही, तर चौथ्या प्रकरणातील जुनाच हक्क नव्या नावाने परत आला असे म्हणावे लागेल.

८

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कोल्हापूरच्या नागरी जीवनात शेषाचा पुनर्वापर ही आजच्या प्रबोधनाने आणलेली कल्पना नाही. ती येथील धंद्यांच्या परिभाषेत पूर्वीपासून मुरलेली आहे. म्हणून जे प्रयत्न त्या परिभाषेचा आधार घेतात ते लवकर रुजतात. शेणीदानास जो प्रतिसाद मिळतो तो केवळ सूचनाफलकांना मिळत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. गुऱ्हाळ, परडे व कट्टा ह्यांच्या मापाची व्यवस्था कारखाना व महानगर ह्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. रहिवाशाने निर्माल्य कुंडात टाकले म्हणून नाल्याचे पाणी शुद्ध होत नाही. जेथे शेष मोठा तेथे त्याचा हक्कदारही तेवढाच मोठा असावयास हवा. तो कारखाना किंवा महापालिका ह्यांखेरीज दुसरा कोणी असू शकत नाही. नागरिकांचे लहान प्रयत्न ह्या मोठ्या उत्तरदायित्वाची जागा घेऊ लागले तर ते उपकारक न ठरता सबब ठरतील.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. जुन्या व्यवस्थेत शेष जिरत असे, कारण त्यासाठी काही माणसे जन्मानेच नेमलेली होती. ती व्यवस्था पुन्हा आणावयाची नाही. तिच्यातील ज्ञान मात्र हवे आहे. रानभेंडीचा रस, हिरड्याने कमावलेले चामडे, पाचटाचे खत हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते, त्यांना ते हातांचे काम हलके मानावयास समाजानेच शिकविले. हे ज्ञान टिकवावयाचे असेल तर त्याचे मोल मजुरीत व मानात दोन्हीकडे द्यावे लागेल. ‘कमावणे’ ह्या क्रियापदाचे दोन अर्थ, कातडीचा आणि पैशाचा, भाषेने केव्हाच एकत्र आणलेले आहेत. व्यवहारात ते एकत्र आणण्याचे काम अद्याप बाकी आहे.